टोरांटोकडून हजर

"लेस्टरकडून आज बेसण्याला जायचंय. तुझी पांढरी साडी इस्त्रीची आहे का?"

जाळीच्या दाराआड एक पुरुषी आवाज कुणाला तरी विचारत होता. मी बाहेर पायरीवर उभी होते. बेल वाजवायची की परत फिरायचं, हे माझं अजून ठरत नव्हतं. कुणी गेलं की घरचे एक वेळ जाहीर करतात, लोक पांढऱ्या कपड्यांत येतात आणि थोडा वेळ गप्प बसून जातात. गुजरातीत त्याला बेसणुं म्हणतात, आणि बडोद्याच्या मराठी घरांत त्याचं बेसणं झालेलं आहे. तेवढं मला कळलं. पण लेस्टर हे तर इंग्लंडातलं गाव. ते कुणाच्या शोकाला कसं जाणार?

आतून बाईमाणसाचा आवाज आला, "मी नाही जायची. मागच्या खेपेला तिथल्या बायकांनी मला लेस्टरची सासू समजून गळ्यात पडून रडवलं. दोन दिवस डोकं दुखत होतं माझं."

"अगं, पण बायकांच्या बाजूला आपलं कुणीतरी नको का?"

"मग साडी तुम्हीच नेसा."

एवढ्यात आतल्या काकांना जाळीतून मी दिसले. ते उंच आणि किडकिडीत होते. पायजम्यावर कडक इस्त्रीचा फुलशर्ट, कानावर पेन्सिल. त्यांनी दार उघडलं आणि माझं नावगाव न विचारता म्हणाले, "पांढरा ड्रेस आहे?"

मी मान डोलावली.

"झालं काम. आवक!" ते आत तोंड करून ओरडले.

मी आले होते इंग्रजी पत्ते लिहायच्या कामासाठी. नव्वदीची मधली वर्षं होती. बी.ए. होऊन मी फतेगंजच्या घरी बसले होते. मला बोलता येत नव्हतं असं नाही, पण अनोळखी माणसासमोर शब्द घशाशी येऊन परत जायचे. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी मराठी, रस्त्यावर गुजराती. तिन्ही भाषांत गप्प राहण्याची मला उत्तम सवय होती. आईने कुणाकडून तरी ऐकलं होतं की निजामपुऱ्यात एका काकांना चांगल्या इंग्रजी अक्षराची मुलगी हवी आहे. "दिवसभर तोंड शिवून बसतेस, निदान हात तरी चालव," असं म्हणून तिने मला पाठवलं होतं.

त्या दिवशी दुपारी मी माझ्या जन्मातल्या पहिल्या अनोळखी बेसण्याला गेले, लेस्टरमधल्या एका बाईंच्या वतीने.

काकांचा उद्योग असा होता. बडोद्यातून माणसं परदेशी जात होती. कुणी आखातात, कुणी इंग्लंड-अमेरिकेत. माणूस विमानात बसतो, पण त्याचा पत्ता इथेच राहतो. बँकेची पत्रं, विम्याच्या नोटिसा, कंपन्यांचे जाडजूड अहवाल (त्या काळात ज्याच्या त्याच्याकडे शेअर होते), सोसायटीची परिपत्रकं, लग्नपत्रिका, हे सगळं त्या पत्त्यावर येतच राहतं. घराला कुलूप असतं, नाहीतर भाडेकरू असतो. "भाडेकरू पत्रं फेकून देतात आणि नातेवाईक उघडून वाचतात," हे काकांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकून जाणारा माणूस काहीसा विचारात पडायचा आणि सगळीकडे काकांचा पत्ता देऊन जायचा. काका ती पत्रं गोळा करत, लावत आणि दर पंधरवड्याला एका मोठ्या पाकिटात घालून ज्याच्या त्याच्या देशात पाठवत.

त्याआधी तीस वर्षं त्यांनी एका कचेरीत आवक-जावक विभाग सांभाळला होता. त्यांचे वडील आणि आजोबाही संस्थानच्या काळात त्याच खुर्चीवर बसत. जगातल्या सगळ्या गोष्टींचे काका दोनच भाग करत. दूधवाला आवक, कचरा जावक. मी सकाळी दारात दिसले की "आवक!" आणि संध्याकाळी चपला घालायला लागले की "जावक!" काकूंनाही त्याची इतकी सवय झाली होती की आतून त्या "चहा जावक" म्हणूनच कप बाहेर ठेवायच्या.

समोरच्या खोलीत भिंतभर एक लाकडी कपाट होतं. बंद पडलेल्या एका होमिओपॅथिक दवाखान्यातून ते आणलेलं. त्याच्या खणांवरची औषधांची नावं काकांनी खोडली नव्हती. त्यामुळे मस्कत ब्रायोनियात होतं, लेस्टर बेलाडोनात आणि टोरांटो पल्सॅटिलात. गिऱ्हाइकांना ते त्यांच्या नावाने ओळखतच नसत, गावाने ओळखत. "मस्कतला मुलगी झाली." "न्यू जर्सीचं हस्ताक्षर बिघडलंय, तब्येत बरी नसणार." एकदा काकूंनी जेवायला वाढताना विचारलं, "कोण येणार होतं आज?" तर म्हणाले, "नैरोबी. पण त्याच्या मेव्हण्याकडे थांबलाय."

मला ते "कॉन्व्हेंट" म्हणत. "कॉन्व्हेंट, हा पत्ता लिही, आणि टोरांटोच्या पाकिटाला दोनदा डिंक लाव. तिथे थंडी फार आहे." थंडीने डिंक सुटतो, असं त्यांनी कुठे वाचलं होतं मला माहीत नाही. पण मस्कतच्या पाकिटाला एकच हात डिंक असायचा, आणि लेस्टरला दीड.

स्वतः ते कुठेच गेलेले नव्हते. एकदा मुंबईला गेले होते, ते तिसऱ्या दिवशी परत आले. "तिथे माझ्या नावाचं एक पत्र येत नाही. आपण तिथे आहोत हे कळणार कसं?" असं त्यांनी काकूंना सांगितलं म्हणे.

पत्र उघडायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम होता. पण पाकीट नाकाशी नेऊन ते त्याचा वास घेत आणि मग कानावरची पेन्सिल काढून पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात शेरा लिहीत. "बँक. घाई नाही." "विमा. जरा घाई आहे." "तुमच्या काकांचं पत्र. घुश्शात लिहिलंय, जेवल्यावर उघडा." हे शेरे गिऱ्हाइकांना इतके आवडायचे की एकाने लिहिलं होतं, आतली पत्रं नाही पाठवली तरी चालतील, पाकिटांच्या पाठी तेवढ्या पाठवत जा.

दुसरा नियम जास्त अवघड होता. आलेल्या आमंत्रणाला गेलंच पाहिजे.

"पत्रिका कुठे आली? आपल्या पत्त्यावर. मग जायचं कुणी? टोरांटो विमानात बसून येणार आहे का वांगी-भात खायला? पत्ता आहे तोवर माणूस गावातच आहे, कॉन्व्हेंट. तो गावात आहे हे लोकांना दिसलं पाहिजे. आपण हजर राहायचं, बाकी काही नाही."

त्यासाठी त्यांच्या खोलीत दोन खुंट्या होत्या. एकीवर लग्नाचा कोट, दुसरीवर बेसण्याचा पांढरा झब्बा. लग्न असलं की स्टीलचा एक डबा घ्यायचा आणि त्यावर गिऱ्हाइकाचं नाव कोरून आणायचं. "नाव नसलेला डबा म्हणजे नुसता डबा," असं ते म्हणत. मस्कत, लेस्टर, नैरोबी यांच्या नावाचे डबे बडोद्यातल्या कितीतरी स्वयंपाकघरांत अजून डाळ-तांदूळ सांभाळत असतील.

हजर राहण्यात कधी कधी त्यांचा तोल जायचा. मस्कतच्या सोसायटीची वार्षिक सभा होती. विषय होता पाण्याची टाकी गच्चीवर कुठे बांधायची. मी कागद धरायला बरोबर गेले होते. पहिली वीस मिनिटं काका शांत बसले. मग अचानक उभे राहिले.

"मस्कतचा याला सक्त विरोध आहे."

"अरे पण काका," सेक्रेटरी म्हणाले, "काल रात्री माझं त्यांच्याशी बोलणं झालं. ते तर हां बोलले."

"ते तिथून हां बोलले. त्यांना तिथून दिसत नाही. मी गच्चीवर जाऊन आलोय. टाकी तिथे बांधली तर मस्कतच्या बेडरूमचं छत गळेल."

टाकी तिथे बांधली नाही. मस्कतने पुढच्या पत्रात थोडं रागावून लिहिलं होतं. काकांनी ते पत्र वाचून शांतपणे बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "छत तरी कोरडं आहे ना त्याचं?"

माझी खरी नेमणूक बायकांच्या बाजूला होती. बेसण्यात बायका वेगळ्या बसतात, आणि लेस्टरसारखी गिऱ्हाईक बाई असली की तिच्याकडून बाईनेच बसायला हवं, यावर काका ठाम होते. मी बोलत नाही हे त्यांच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं. त्यांनी मला बोलायचा आग्रह केला नाही. त्यांनी चिठ्ठ्या केल्या. पोस्टकार्डाचे तुकडे कापून त्यावर गुजरातीत आणि मराठीत लिहिलं: गिऱ्हाइकाचं नाव, गाव, नातं. "कुणी विचारलं तर फक्त ही पुढे करायची."

त्या पहिल्या बेसण्यात एक म्हाताऱ्या बा माझ्या शेजारी सरकून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "कोना तरफथी आव्यां, बेटा?" कुणाकडून आलीस, असं त्या विचारत होत्या. मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून वाचली, मग मोठ्याने वाचली, मग पदराने डोळे पुसत पलीकडच्या बाईला दिली. चिठ्ठी सगळ्या खोलीतून फिरून माझ्याकडे परत आली, तेव्हा तिचे कोपरे ओले होते. कुणीही मला काही विचारलं नाही. मला वाटलं, बोलण्यापेक्षा हे फार बरं आहे. दोन वर्षं मी अशाच चिठ्ठ्यांवर काढली.

आता हे सांगायला हवं की पुढे मीही त्या कपाटात गेले. नोकरीसाठी सिंगापूरला आले तेव्हा काकांनी मला आर्निकाचा खण दिला. "मुका मार लागल्यावर देतात," म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर फार वेळ हसले. मग दर पंधरवड्याला मलाही पाकीट यायला लागलं. "बँक. हे लोक तुला अजून विद्यार्थिनी समजतात." "मावसबहिणीची पत्रिका. मी जाऊन आलो. श्रीखंड आंबट होतं, तू चुकवलंस ते बरं केलंस." इथल्या दहाव्या मजल्यावर, जिथे मला लिफ्टमधलंही कुणी ओळखत नव्हतं, ती पेन्सिलीची अक्षरं वाचली की आपण अजून बडोद्यात कुठेतरी उठतो-बसतो आहोत असं वाटायचं. बँकांची पत्रं ई-मेलवर यायला लागली तेव्हा काकांचे खण एकेक करून रिकामे झाले. "त्याला वास नसतो," एवढीच त्यांची तक्रार होती.

ते गेल्याचं मला काकूंच्या पाकिटातून कळलं. आत बेसण्याची वेळ छापलेलं कार्ड होतं, मागे पेन्सिलीने लिहिलेलं, काकूंच्या अक्षरात: "जावक. तुझ्याकडून मीच बसले. पांढरी साडी इस्त्रीची होती."

पण काका म्हटलं की मला आठवतं ते टोरांटो.

टोरांटो म्हणजे वैशाली. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. ती बडोद्याजवळच्या पादरा गावची. घराणं मराठी, पूर्वी संस्थानच्या फौजेतलं. बैठकीच्या खोलीत अजून तलवार टांगलेली. वडिलांचं बियाण्यांचं दुकान होतं. वैशाली बडोद्याला शिकायला आली, वर्गातल्या परजातीच्या मुलाशी तिने लग्न केलं आणि ती दोघं कॅनडाला गेली. त्या दिवसापासून वडिलांनी घरात तिचं नाव घेणं बंद केलं. त्यांनी बंद केलं म्हणून सगळ्यांनी बंद केलं. सहा वर्षं झाली होती.

तिच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ असायची: "पादऱ्याहून काही?" आणि प्रत्येक पाकिटावर काका लिहीत: "पादरा: काही नाही." बारीक अक्षर लिहिताना त्यांना त्रास व्हायला लागल्यावर ही ओळ लिहायचं काम माझ्याकडे आलं. दर पंधरा दिवसांनी दोन शब्द. मला ते लिहायचा इतका कंटाळा, कंटाळा नव्हे, लाज वाटायची, की मी ते पाकीट नेहमी शेवटी करायचे.

एका सकाळी टोरांटोच्या नावाने लग्नपत्रिका आली. कोपऱ्यांना हळदीकुंकू, शिक्का पादऱ्याचा. वैशालीच्या धाकट्या बहिणीचं लग्न. काकांनी पाकीट नाकाशी नेलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

"फोडणीचा वास आहे," ते म्हणाले. "हे दुकानात बसून लिहिलेलं नाही. स्वयंपाकघरात, चोरून."

आईने धाडलं होतं. पत्त्याची अक्षरं मोठी आणि घाबरलेली होती.

पत्रिका टोरांटोला पोचेपर्यंत लग्न होऊन गेलं असतं. संध्याकाळी काका मला घेऊन कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथमध्ये गेले. काचेच्या त्या खोक्यात आम्ही दोघं कसेबसे मावलो होतो, त्यामुळे पलीकडचं मलाही सगळं ऐकू येत होतं. काकांनी पत्रिका वाचून दाखवली. वैशालीने तारीख पुन्हा वाचायला लावली.

"काका, तुम्ही जाऊ नका. आईला त्रास होईल," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "नाही, जा. पण माझं नाव सांगू नका. नुसतं बघून या."

"काय बघू, बेटा?"

"माझं नाव कुणी घेतं का, तेवढंच."

दुसऱ्या दिवशी काका डबा घेऊन आले. त्यावर नाव कोरलेलं होतं.

"अहो, नाव सांगायचं नाही म्हणाली ना ती?" काकू म्हणाल्या.

"सांगतोय कोण? डबा कॉन्व्हेंटच्या पिशवीत राहील. संधी बघून ती तो गुपचूप आईच्या हातात देईल. चिठ्ठी नाही, बोलणं नाही."

हे मला जमण्यासारखं होतं. गुपचूप या प्रकारात मी तरबेज होते.

स्कूटरवरून आम्ही पादऱ्याला गेलो. काकांनी कोट घातला होता, मांडीवर पिशवी धरून मी मागे. मांडव वाडीत, म्हणजे समाजाच्या कार्यालयात, घातला होता. आम्ही आत शिरलो आणि तिथेच घोळ झाला. दाराशीच एक टेबल होतं, टेबलामागे मुलीचे मामा, समोर वही आणि माइक. मुहूर्ताला अवकाश होता म्हणून आहेर घेणं आधीच सुरू झालं होतं, आणि पादऱ्यात आहेर पुकारायची पद्धत. टेबल, टेबलामागे माणूस आणि उघडी वही, हे दिसल्यावर काकांच्या अंगात तीस वर्षांची आवक-जावक संचारली. मी पिशवी छातीशी धरून पुढे सटकणार, तोवर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, डबा बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. नाव समोर येईल असा, नीट.

मामांनी माइक तोंडाशी नेला. कोरलेलं नाव मनातल्या मनात वाचलं. माइकमधून नुसती खरखर आली.

मग त्यांनी डबा उचलला आणि नाव भिंतीकडे करून मागे ठेवून दिला. माझ्या शेजारी काका पुटपुटले, "अरे देवा." त्यांच्या तोंडून देवाचं नाव मी तेवढं एकदाच ऐकलं.

वैशालीचे वडील फेटा बांधून समोरून येत होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. "हा डबा कुणी आणला?" त्यांनी विचारलं. आवाज मोठा नव्हता, पण आसपासच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. पलीकडे, बायकांच्या घोळक्यात, हिरव्या शालूतल्या एक बाई जागच्या जागी थांबल्या. त्याच आई, हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही. त्यांनी दोन्ही हातांनी पदर घट्ट धरला होता.

मस्कतच्या वतीने अख्ख्या सोसायटीशी भांडणारे काका तेव्हा जमिनीकडे बघत होते. त्यांनी वैशालीला शब्द दिला होता. "मी आणला," ते म्हणाले. "टपालाचं काम करतो."

"कुणाचं टपाल?"

काकांनी कोटाचं एक बटण लावलं.

तेवढ्यात गुरुजींनी हाक दिली. मुहूर्त आला होता. नवरी पाटावर उभी राहिली, अंतरपाट धरला गेला. काका पुरुषांत गेले, मी बायकांत. नवरीपासून चार हातांवर मला जागा मिळाली. गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं.

"करवली कोण? मुलीच्या मागे कलश घेऊन बहीण उभी करा."

कुणीच हललं नाही. एका आत्याने कुजबुजून विचारलं, "कुणाला तरी चुलत-मावस..." आणि मध्येच थांबली. नवरीने मान वर केली नाही, पण तिच्या मुंडावळ्या हलत होत्या. आईच्या हातात तो पाण्याचा कलश होता, वर नारळ ठेवलेला. देण्यासाठी पुढे केलेला, पण समोर घ्यायला कुणी नव्हतं.

"करवली नाही," वडील म्हणाले. "चालू करा, गुरुजी."

त्या क्षणी मला काय आठवावं? पाकीट. सोमवारी पाकीट जायचं होतं आणि त्याच्या पाठीवर मला पुन्हा "काही नाही" लिहायचं होतं. हात पर्सकडे गेला. चिठ्ठी नव्हती. आज चिठ्ठी केलेलीच नव्हती.

मी बोलले. काय बोलले ते लिहायला अजून अवघड वाटतं, म्हणून पुढचं आधी सांगून टाकते.

वडिलांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. फेटा सारखा करून त्यांनी तोंड फिरवलं. आईने कलश माझ्या हातात दिला. थोडं पाणी माझ्या मनगटावर सांडलं. नवरीने एकदाच मागे वळून पाहिलं. मंगलाष्टकं संपेपर्यंत मी तिच्या मागे उभी होते, आणि पुरुषांच्या रांगेत काका कोटाची सगळी बटणं लावून ताठ उभे होते. निघताना मी टेबलाकडे पाहिलं. डब्यावरचं नाव अजून भिंतीकडेच होतं.

निजामपुऱ्यात परतून स्कूटर स्टँडवर लावल्यावर काका म्हणाले, "माझी आयुष्यातली पहिली चुकीची जावक. आणि तुझा आवाज बरा आहे. उद्यापासून टेलिफोन तू करायचा." सोमवारच्या पाकिटावर त्यांनी मला लिहू दिलं नाही. डोळ्यांजवळ कागद धरून स्वतः लिहिलं: "पादरा: नाव घेतलं गेलं. आपणच घेतलं, पण सगळ्यांनी ऐकलं."

दिवाळीच्या सुमारास पल्सॅटिलाच्या खणात एक पाकीट आलं. काकांनी ते नाकाशी नेलं आणि मग माझ्या नाकाशी धरलं. बियाण्यांना लावायच्या औषधाचा उग्र वास. "दुकानात बसून लिहिलंय," ते म्हणाले, "गल्ल्यावर, उघड." आणि मागे शेरा मारला: "वडील. बाकी सगळं राहू दे, हे आधी उघड." त्या पाकिटाला त्यांनी तीनदा डिंक लावला.

आत काय होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही. नियम म्हणजे नियम.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी पादऱ्याच्या मांडवात कुणी कुणाकडे बघत नव्हतं. गुरुजी तोंड उघडून थांबले होते, आईच्या हातातला कलश तसाच पुढे होता, आणि माझ्या घशाशी नेहमीसारखे शब्द आले होते. ते परत जायला निघाले होते. मी त्यांना जाऊ दिलं नाही.

"करवली आहे," मी म्हणाले. "वैशालीकडून मी आलेय."